पडवीचे पत्रे उतरवताना : प्रकल्प नोंदी

२ मार्च २०२५
पडवीत दिवा लावायचा म्हणून भावजींनी आज छपराच्या सिमेंटच्या पत्र्याला ड्रिलने बुराक, म्हणजे भोक, पाडला. खाली सुपात माझ्या मिरच्या वाळत होत्या. लाल मिरच्यांवर राखेसारखी पांढुरकी भुकटी बसली. भावजींनी फुंकर मारली, धाकट्या जावेने केरसुणीने जमीन झाडली, आणि दारातून आलेल्या उन्हाच्या तिरपेत ती धूळ कितीतरी वेळ तरंगत राहिली. मी मिरच्या फेकून दिल्या. सासूबाई रागावल्या. त्यांचेही बरोबर होते, वर्षभराच्या मिरच्या होत्या.

मी उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवते. ॲस्बेस्टॉस हा शब्द दरवर्षी फळ्यावर लिहिते. आगीत न जळणारा, सुतासारखा पिंजता येणारा दगड. तो माझ्या डोक्यावर आहे हे या घरात पंधरा वर्षे राहून मी कधी मनावर घेतले नव्हते. आजपासून ही वही.

५ मार्च
मोजणी केली. घराच्या मुख्य छपरावर मंगळुरी कौले आहेत, त्यांचा प्रश्न नाही. पडवीवर २२ पत्रे, गोठ्यावर १४, न्हाणीवर ४. एकूण ४०. पडवीला आधी कौलेच होती. माकडांनी ती दरवर्षी फोडायला सुरुवात केली तेव्हा सासऱ्यांनी १९९६ साली पत्रे घातले, असे सासूबाई सांगतात. गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्यात घरोघरी हीच कथा. माकडांमुळे पत्रे आले.

छपरावरच्यापेक्षा खालचे तुकडे मला जास्त टोचले. कोंबड्यांच्या खुराड्याला दोन, विहिरीच्या कठड्याला टेकवलेला एक, माडाच्या आळ्याभोवती कडेला रोवलेले पाच, आणि गोठ्याकडे जाणाऱ्या वाटेवर चिखल होऊ नये म्हणून पसरलेला चुरा. त्या चुऱ्यावरून आम्ही सगळे रोज चालतो. उन्हाळ्यात तिथे पाय पडला की धूळ उडते.

९ मार्च
वाचत बसले. घरच्यांना सांगता येईल अशा भाषेत लिहून ठेवते.

सिमेंटच्या पत्र्यात सुमारे आठ ते दहा टक्के ॲस्बेस्टॉस असते, बाकी सिमेंट आणि राख. पत्रा धड असतो तोवर सिमेंट तंतूंना घट्ट धरून असते. भोक पाडले, कापला, घासला, फुटला किंवा पंचवीस-तीस पावसाळ्यांनी वरचे सिमेंट धुऊन नेले की तंतू मोकळे होतात. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा, म्हणजे क्रिसोटाइलचा, सुटा तंतू मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, काही शतांश जाडीचा असतो. आपला केस पन्नास ते ऐंशी मायक्रॉन. म्हणून ही धूळ दिसली तरी तिच्यातले जे घातक ते दिसत नाही, खोकला येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. तंतू फुप्फुसात खोल जातात, आणि शरीराला ते विरघळवून बाहेर टाकणे फार कठीण जाते.

पुढचे सावकाश घडते. फुप्फुसे निबर होण्याचा आजार, फुप्फुसाचा कर्करोग, स्वरयंत्राचा आणि अंडाशयाचा कर्करोग, आणि फुप्फुसाच्या वेष्टनाचा मेसोथेलिओमा. मेसोथेलिओमा पहिल्या संपर्कानंतर वीस-चाळीस वर्षांनी, कधी त्याहून उशिरा उगवतो. जागतिक आरोग्य संघटना ॲस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार कर्करोगकारक मानते, पांढरेही. त्यामुळे ‘पांढरे तेवढे चालते’ हे दुकानातले बोलणे खोटे आहे.

हे काही काल कळलेले नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या कारखान्यात ॲस्बेस्टॉसचे सूत कातणारी नेली केर्शॉ १९२४ साली वारली, वय ३३. डॉ. कुक यांनी तिच्या फुप्फुसात खनिजाचे कण पाहिले आणि तिच्यावर लिहिले. १९६० साली दक्षिण आफ्रिकेत वॅगनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्यातले मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले. त्यातले सगळे खाणीत उतरलेले नव्हते, काही नुसते त्या परिसरात राहत होते.

युरोपीय संघाने २००५ पासून बंदी घातली. अमेरिकेने क्रिसोटाइलवर मार्च २०२४ मध्ये घातली. आपल्याकडे खाणकाम थांबले, पण बाहेरून आणलेल्या पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे बनवणे, विकणे, बसवणे आजही कायदेशीर आहे.

१६ मार्च
होळी आटोपली. पत्र्याचा नमुना घेतला. खुराड्याजवळचा आधीच फुटलेला तुकडा साबणाच्या पाण्याने भिजवला, पक्कडीने नखाएवढा कोपरा मोडला, दोन पिशव्यांत बंद केला. परराज्यातल्या प्रयोगशाळेत पाठवला. ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

वर्गातल्या मुलांना हा प्रकल्प द्यावा असे दोन दिवस डोक्यात होते. नाही द्यायचा. ज्या वस्तूचा त्रास चाळीस वर्षांनी होतो ती सोळा वर्षांच्या मुलांच्या हातात देणे चूक. त्यांना फक्त गणित आणि पाण्याच्या चाचण्या.

३० मार्च
अहवाल आला. क्रिसोटाइल आहे. अपेक्षाच होती, तरी कागदावर वाचून पोटात कालवले.

६ एप्रिल
आजची नोंद लांब होणार.

भावजी फॅब्रिकेटर आहेत. लोखंडी सांगाडा वेल्ड करायचा आणि वर पत्रे चढवायचे. १९९८ साली, एकोणीस वर्षांचे असताना, कामाला लागले. सत्तावीस वर्षे. दुपारी जेवणानंतर त्यांच्यापुढे अहवाल ठेवला. वाचला, घडी घातली, म्हणाले, “वहिनी, मग मी काय करू? हेच काम येते मला.”

मी वही पुढे ओढली आणि विचारले, एका पत्र्याला बुराक किती? सहा, कधी आठ. वर्षाला पत्रे किती? पावसाळा सोडून आठ महिने, सहाशे धर. म्हणजे वर्षाला किमान छत्तीसशे बुराक. सत्तावीस वर्षांचा गुणाकार त्यांनीच मनात केला आणि गप्प झाले. शिवाय कोपरे. चार पत्रे एकत्र येतात तिथे जाडी जुळावी म्हणून कोपरे तिरके कापावे लागतात. पूर्वी करवतीने कापायचे, गेली पंधरा-सोळा वर्षे ग्राइंडरने. करवतीने जाडा भुसा पडायचा, ग्राइंडर धुके करतो. “मिशा पांढऱ्या व्हायच्या,” ते म्हणाले.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस कारखान्यांना बजावले आहे की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यातले जे नंतर संपेल तोवर जपून ठेवायची. चाळीस वर्षे का, ते आजाराच्या वेळापत्रकावरून कळते. पण तो निकाल कारखान्याच्या फाटकाच्या आतला. पत्रा ट्रकमधून उतरला की ज्याच्या हातात ड्रिल आहे त्याची नोंद कोण ठेवतो? आज ज्यांच्या घरावर काम केले ते उद्या विसरतात. उद्या भावजींना दम लागला आणि डॉक्टरांनी विचारले की कुठे काम केलेत, तर सांगायला काय आहे?

म्हणून ती नोंद आम्ही ठेवायची. शंभर पानी वही आणली. संध्याकाळपर्यंत बसून आठवेल तेवढे लिहिले. साल, तालुका, घर की शेड की काजूचा कारखाना, अंदाजे पत्रे, कापकाम हाताने की मशीनने, मास्क होता का. शेवटच्या रकान्यात सगळीकडे ‘नाही’. २००३ च्या ओळीवर ते थांबले. त्या वर्षी एका मोठ्या शेडचे जुने पत्रे वरून खाली टाकून फोडले होते, ट्रकमध्ये जास्त मावावेत म्हणून. तीन दिवस. तो मजकूर मी अधोरेखित केला.

आणखी एक बोलले. सिगारेट. ॲस्बेस्टॉस आणि तंबाखू यांचा फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका बेरजेने वाढत नाही, जवळजवळ गुणाकाराने वाढतो. झाली ती धूळ परत काढता येत नाही. सिगारेट मात्र आज सोडता येते.

१२ एप्रिल
सकाळी धाकटी जाऊ विहिरीवर भावजींचे कामाचे कपडे धोंड्यावर झटकत होती. धुण्याआधी झटकायची सवय, चिकटलेली माती पडावी म्हणून. मी धावत गेले, ती घाबरली. मग पायरीवर बसून तिला सांगितले की १९६५ साली लंडनमध्ये न्यूहाउस आणि थॉम्पसन यांनी मेसोथेलिओमाचे रुग्ण तपासले तेव्हा त्यात अशा बायका निघाल्या ज्या कधी कारखान्यात गेल्या नव्हत्या. नवऱ्याचे कपडे धुवत होत्या.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “लग्न होऊन अठरा वर्षे झाली.” तिच्यासाठी वहीत वेगळे पान केले.

ठरले ते असे. कामाचे कपडे घरात येणार नाहीत. गोठ्यामागे पिंपात साबणाच्या पाण्यात थेट बुडवायचे, झटकायचे नाहीत, इतर कपड्यांत मिसळायचे नाहीत. भावजींनी आधी अंघोळ, मग घरात पाऊल. लेकीला उचलून घ्यायचे ते त्यानंतर.

२० एप्रिल
वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, बातमी पसरली. शेजारचे काका आले. “सगळे पत्रे काढून टाकायचे का गो? मी उद्याच पोरांना सांगून फोडून टाकतो.” याच्यासाठीच मी इतके दिवस सावकाश बोलत होते. भीतीने फोडलेला पत्रा, न फोडलेल्या पत्र्यापेक्षा कितीतरी वाईट.

त्यांच्या घरी जाऊन पाहिले. पत्रे सात-आठ वर्षांचे, कडा शाबूत, पृष्ठ गुळगुळीत. म्हटले, हे आहेत तिथे राहू द्या. त्यांना भोक पाडू नका. आणि मुख्य म्हणजे पावसाआधी वर चढून शेवाळ घासू नका. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्यावरचे शेवाळ ताराच्या ब्रशने खरवडण्याची पद्धत आहे, हल्ली जोरदार पाण्याचा पाइप घेऊनही करतात. शेवाळाबरोबर सिमेंटचा थर निघतो आणि तंतू उघडे पडतात. आमच्या पडवीचे पत्रे असेच उघडे पडलेत. हात फिरवला तर पांढरी लव लागते. वीस-पंचवीस मे महिने घासल्याचा हा परिणाम.

म्हणून आमचा निर्णय वेगळा. पडवी आणि गोठा उतरवायचा. न्हाणीचे चार पत्रे चांगले आहेत, ते ठेवायचे, ओले करून मऊ फडक्याने पुसून रंगाचा थर द्यायचा.

२७ एप्रिल
तयारी. २०० मायक्रॉनचे प्लास्टिक, रुंद चिकटपट्टी, अंगभर घालायचे एकदाच वापरायचे झगे, तीन अर्धमुखी मास्क आणि अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या पी १०० दर्जाच्या गाळण्या. कापडी रुमाल किंवा सर्जिकल मास्क या कामात निरुपयोगी. गाळणीचा मास्क कातडीला चिकटून बसावा लागतो, खुंट वाढलेले असले तर फटीतून धूळ जाते. भावजींनी वीस वर्षांची दाढी काढली. लेक ओळखेना.

पत्रे भिजवायला पोफळींवर बोर्डो मिश्रण मारायचा फवारणीचा पंप. धुऊन घेतला. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थेंब, म्हणजे पाणी पसरते आणि आत मुरते.

३ मे
पडवी उतरवली. सकाळी सहाला, वारा सुटायच्या आत. शेजारच्या तिन्ही घरांना आदल्या रात्रीच सांगितले होते. दोरीवरचे कपडे आत, खिडक्या बंद, मुले आणि सासूबाई मावशीकडे. कोंबड्याही हलवल्या.

भावजी आणि त्यांचे दोन सोबती वर, मी खाली पंप आणि वही घेऊन. कोणीही पत्र्यावर पाय दिला नाही. खालून परांची बांधली होती. जुना पत्रा दिसतो भक्कम आणि माणसाच्या वजनाने एकदम तुटतो. पत्र्यातून खाली पडून जीव गेलेल्या एका ओळखीच्या पोराची गोष्ट भावजींनी परांची बांधतानाच सांगितली होती.

पत्रे वरून-खालून भिजवले, दहा मिनिटे थांबलो, पुन्हा भिजवले. हुक गंजून जाम झालेले. पत्रा पिळून हुकातून ओढायचा मोह होतो, तसे केले की भोकाभोवती फुटतो. हुकाची मानच हाताच्या कटरने तोडली. ग्राइंडर घरात कुलूपबंद होता, हे भावजींनीच सुचवले, कारण “समोर असला तर हात जाणार”. मग अख्खा पत्रा दोघांनी झेलत खाली दिला. एक पत्रा पस्तीस किलोच्या घरात. खाली पसरलेल्या प्लास्टिकवर दोन-दोन पत्रे ठेवून पुन्हा फवारायचे, दोनदा गुंडाळायचे, चिकटपट्टी, वर रंगाने क्रमांक आणि ‘ॲस्बेस्टॉस : फोडू नका’.

२२ पत्रे उतरवायला सात तास लागले. फोडून काढले असते तर एक तास लागला असता, असे सोबत्यांपैकी एकजण म्हणाला, आणि पुढे स्वतःच म्हणाला की पण इतकी वर्षे नाक शिंकरल्यावर पांढरे यायचे, आज आले नाही.

१७ व्या पत्र्याला तडा होता. उतरवताना मधोमध मोडला आणि एक तुकडा प्लास्टिकच्या बाहेर मातीत पडला. माझी चूक, प्लास्टिक वळचणीच्या बाहेर आणखी दोन हात पसरायला हवे होते. तिथली माती ओली करून फावड्याने चार बोटे खरवडली आणि तीही गुंडाळली.

जमीन झाडली नाही. ओल्या फडक्यांनी तीन वेळा पुसली, फडकी फेकायच्या पिशवीत. झगे ओले करूनच उतरवले. मास्क सगळ्यात शेवटी.

९ मे
पडवीवर कौले चढली. कौलांखाली पातळ लोखंडी पत्रा घातला आहे, म्हणजे माकडांनी कौल फोडले तरी पाणी आत येणार नाही. सासूबाई खाली बसून कौले मोजत होत्या. पडवी थंड झाली हे सगळ्यांना पहिल्याच दुपारी जाणवले.

गोठ्यावर रंगीत लोखंडी पत्रे घालायचे. बाजारात ॲस्बेस्टॉस नसलेले तंतुमय सिमेंटचे पत्रेही मिळतात, त्यांचे मानक आयएस १४८७१. ॲस्बेस्टॉसच्या नागमोडी पत्र्याचे आयएस ४५९. विकत घेताना पत्र्यावर छापलेला आकडा बघायचा, दोन्ही पत्रे दिसायला सारखे करडे असतात. हे वाड्यावर निदान दहा जणांना सांगितले.

२१ मे
गोठ्याचे आठ उतरले, सहा राहिले. काल रात्रीपासून धो धो पाऊस.

२४ मे
मोसमी पाऊस आजच केरळात पोहोचला, नेहमीच्या १ जूनपेक्षा आठवडाभर आधी. आपल्याकडे यायला वेळ लागणार नाही. गोठ्याचे सहा पत्रे दिवाळीनंतर. गुरांना पलीकडच्या बाजूला बांधले.

१५ जून
गोठ्याच्या उरलेल्या पत्र्यांखाली पन्हळ आहे आणि पन्हळीखाली निळे पिंप. ते पाणी गुरांना आणि भांड्यांना वापरायचो. आज पिंप रिकामे करून पाहिले, तळाशी दोन बोटे करडा गाळ. पावसाचे पाणी मुळात मऊ आणि किंचित आम्लधर्मी, ते सिमेंटमधला चुना विरघळवते आणि सुटलेले तंतू पन्हळीत आणते.

हा गाळ आजवर काय करायचो? दिवाळीच्या साफसफाईत पिंप उपडे करून उन्हात टाकायचो, वाळला की झाडून माडाच्या मुळाशी. ओले असेपर्यंत तंतू पाण्याने धरलेले असतात. वाळवून झाडले की तेच हवेत. गाळ ओलाच पिशवीत भरला. पन्हळ पिंपापासून तोडली.

६ जुलै
सासूबाईंचा प्रश्न महिनाभर चालू आहे. “नळाचे पाणी प्यायचे की नाही?” उत्तर नीट द्यायला हवे, कारण सध्या वाड्यावर पाण्याची भीती पत्र्याच्या भीतीपेक्षा मोठी झाली आहे आणि ती उलट आहे.

विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत जगभर ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या जलवाहिन्या घातल्या गेल्या. स्वस्त, न गंजणाऱ्या. पाणी मऊ आणि आम्लधर्मी असेल तर ते नळाच्या आतल्या भिंतीतला चुना खाते आणि तंतू पाण्यात उतरतात. न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉक गावी १९८५ साली लोकांच्या अंघोळीच्या फवाऱ्यात पांढरे तंतू अडकून ते तुंबले, तेव्हा कळले की वाहिन्याच झिजल्या आहेत.

तरीही पोटात गेलेले आणि श्वासात गेलेले ॲस्बेस्टॉस सारखे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी ॲस्बेस्टॉसची मर्यादा ठरवलेलीच नाही, कारण गिळलेल्या तंतूंनी आजार होतो असा सुसंगत पुरावा मिळालेला नाही. त्याबरोबर ती हेही सांगते की नव्या वाहिन्या ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या घालू नयेत आणि जुन्या झिजल्या की बदलाव्यात. अमेरिकेने मात्र मर्यादा ठेवली आहे, लिटरमागे ७० लाख तंतू, तेही १० मायक्रॉनपेक्षा लांब असलेलेच मोजून. सासूबाईंना आकडा सांगितला तर त्यांनी तांब्याच खाली ठेवला. मग समजावले की तंतू इतके बारीक आहेत म्हणून आकडा इतका मोठा दिसतो.

मुलांसोबत चाचण्या केल्या. वाहिनीला पाणी किती खाते त्याचा एक सोपा निर्देशांक आहे. पीएच घ्यायचा, क्षारता आणि कॅल्शियमचा कठीणपणा यांच्या गुणाकाराचा लॉग काढायचा, दोन्हींची बेरीज. १२ च्या वर असेल तर पाणी निरुपद्रवी, १० ते १२ मध्यम, १० च्या खाली फार खाणारे.

आमच्या नळाचे पाणी: पीएच ७.२, क्षारता ४०, कॅल्शियमचा कठीणपणा ३०. गुणाकार १२००, लॉग ३.०८. निर्देशांक १०.२८. मध्यम.
विहिरीचे: पीएच ५.८, क्षारता १८, कठीणपणा १२. गुणाकार २१६, लॉग २.३३. निर्देशांक ८.१३.

मुलांना दुसऱ्या आकड्याचा धक्का बसला. ‘विहिरीचे पाणी शुद्ध’ असे सगळे म्हणतात. जांभ्या दगडातून झिरपलेले पाणी असेच असते, चुना जवळजवळ नाही. आमच्या विहिरीच्या वाटेत सिमेंटचा नळ नाही म्हणून हा प्रश्न तिथे येत नाही. पण कोणी असे पाणी पंपाने जुन्या ॲस्बेस्टॉसच्या नळातून फिरवले तर तो नळ लवकर झिजेल.

सासूबाईंना शेवटी एवढे सांगितले: पाणी प्या. उकळून तंतू जात नाहीत, उलट पाणी आटून दाट होतात. मनाला लागत असेल तर एक मायक्रॉनपेक्षा बारीक गाळणारा फिल्टर पुरतो. विहिरीच्या कठड्याचा तो तुकडा मी तुमच्यासमोर उचलते. त्यांनी तांब्या पुन्हा हातात घेतला.

२४ ऑगस्ट
चतुर्थी तीन दिवसांवर. गणपतीच्या वर फळे-पाने टांगायची माटोळी बांधायला पडवीच्या वाशांना नवे हुक हवेत. यंदा ड्रिल लाकडात चालले.

१२ ऑक्टोबर
रस्त्यावरची जलवाहिनी फुटली. खड्ड्यात जुना करडा नळ दिसला. जाड भिंत, गंज नाही, सांध्यावर त्याच मालाची जाडी कॉलर. खिशातले लोहचुंबक लावून पाहिले, चिकटले नाही, म्हणजे लोखंड नव्हे. दुरुस्तीला आलेला मुलगा, वीस-एकवीस वर्षांचा, खड्ड्यात बसून ग्राइंडरने तो नळ कापत होता. तोंडाला काही नाही. खड्ड्यातून पांढरा धूर आणि कडेला उभी बघणारी मुले.

मी सांगायच्या आत भावजी पुढे झाले. मशीन बंद करायला लावले, मुलांना हाकलले, घरून पंप आणि हातकरवत आणली. “ओले करून हाताने काप. मी सत्तावीस वर्षे तुझ्यासारखेच केले.” मुकादम चिडला, वेळ जातो म्हणाला. कापायला वीस मिनिटे लागली. त्या मुलाला भावजींनी स्वतःचा जास्तीचा मास्क दिला आणि फोन नंबर लिहून घेतला.

या वाहिनीचा खरा धोका मला आज दिसला, आणि तो नळाच्या टोकाला तांब्यात नव्हता. खड्ड्यात बसलेल्या त्या मुलाच्या नाकासमोर होता. जुन्या वाहिन्या बदलताना त्या उकरून फोडण्यापेक्षा जमिनीत तशाच बंद करून शेजारून नवी घातलेली बरी. हे आणि ओल्या कापणीचे चार मुद्दे लिहून संबंधित कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली.

२६ ऑक्टोबर
भावजींची फुंकणीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे झाला. डॉक्टरांनी वही वीस मिनिटे वाचली. असा इतिहास लिहून आणलेला पहिलाच रुग्ण, म्हणाले. फुप्फुसाची क्षमता वयाच्या मानाने थोडी कमी, एक्स-रेमध्ये आज ठळक काही नाही. दरवर्षी यायचे. सिगारेट सोडून सहा महिने झाले. जावेच्या पानावरही तारीख पडली.

१ नोव्हेंबर
गोठ्याचे राहिलेले सहा उतरवले. एकही मोडला नाही.

आता ३६ पत्र्यांचे १८ गठ्ठे, आणि तुकडे-माती-गाळाच्या ११ पिशव्या, गोठ्यामागे छपराखाली, जमिनीपासून वर फळ्यांवर. पिसुर्लेला घातक कचऱ्याचा प्रकल्प आहे. तिथे घरगुती पत्रे कोणत्या कागदावर आणि कोणत्या गाडीतून न्यायचे यासाठी दोनदा लेखी विचारले आहे, उत्तर यायचे आहे. तोवर भंगारवाल्याला द्यायचे नाहीत, खड्डा भरायला कोणाला द्यायचे नाहीत. दोघे मागून गेले.

३ नोव्हेंबर
काल तुळशीचे लग्न. वृंदावनासमोरच्या अंगणात चुरा राहिला नाही ना, हे मी सकाळी ओणवून पाहिले.

आज भावजी पेडणे तालुक्यात मोप्याकडे एका शेडच्या कामावर गेले होते. मालकाने आणून ठेवलेले सिमेंटचे पत्रे परत करायला लावले आणि लोखंडी घातले. जास्तीचा खर्च समजावायला अर्धा दिवस गेला. रात्री अंघोळ करून आले, वही स्वतःच काढली. इतके महिने मी लिहीत होते, आजची ओळ त्यांच्या अक्षरात आहे:

पेडणे. शेड. लोखंडी पत्रे १२. मास्क होता. सिमेंटला बुराक ०.